कितीतलं अर्धं?

आषाढातली दुपार होती. बाहेर झड लागलेली. समाजमंदिराच्या दारात ओल्या छत्र्यांचा ढीग पडलेला आणि आत बिडीचा, ओल्या कपड्यांचा, जाळ्यांचा एकत्र वास. आमच्या गावच्या मच्छीमार संस्थेची बैठक होती आणि विषय एकच होता, तलावाच्या मधल्या टेकाडावरच्या बाभळी तोडायच्या का. त्या बाभळींवर पाणकावळ्यांची वसाहत आहे. पाऊस धरला की ते काटक्या जमवायला लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत संस्था तलावात माशांचं बीज, म्हणजे बारीक पिलं, सोडते. सचिव पोटतिडकीने बोलत होता, "अर्धं बीज हे पानकावरेच खाऊन राह्यले जी. मंग आमी लीजचे पैसे कुठून भरावं?" माना हलल्या. एकदोघे कुऱ्हाडीची भाषा करू लागले. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले काकाजी म्हणाले, "अर्धं मंजे कितीतलं अर्धं, बापू?" ज्यांचं सारं आयुष्य डोंग्यावर, म्हणजे मासेमारीच्या छोट्या होडीवर, गेलं, अशांपैकी गावात आता तेवढेच उरलेत.

कोणाकडेच उत्तर नव्हतं. चहा आला, ठराव पुढच्या बैठकीवर गेला आणि तो प्रश्न माझ्यासोबत घरी आला.

संस्थेच्या वहीत दोनच आकडे असतात. पावसाळ्यात किती बीज सोडलं आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर किती किलो मासा निघाला. या दोहोंच्या मधे कित्येक महिन्यांचं पाणी असतं आणि त्या पाण्यात काय घडलं याची नोंद कुठेच नसते. मरळीने किती गिळलं, सांडव्यावरून किती वाहून गेलं, ढगाळ पहाटे पाण्यातला ऑक्सिजन घटून किती मेलं, रात्री कोणी किती नेलं, पक्ष्यांनी किती खाल्लं. नुकसान या सगळ्यांचं मिळून होतं, पण डोळ्यांसमोर घडतं ते फक्त पक्ष्याचं खाणं. काळाभोर पक्षी बुडी मारून वर येतो, चोचीत मासा चमकतो, मान वर करून तो गिळतो आणि मग बाभळीवर पंख पसरून उन्हात बसतो. तलावाच्या पाळीवर बसलेल्या, जाळं रिकामं निघालेल्या माणसाला ते बघवत नाही. त्या माणसाचा राग मला खोटा वाटत नाही. त्याच्या घरची चूल त्याच तलावावर पेटते.

बीज मोजायची रीत मी लहानपणापासून पाहत आलो आहे. ऑक्सिजन भरलेल्या फुगीर पिशव्या गाडीतून उतरतात. आधी त्या तशाच पाण्यावर तरंगत ठेवायच्या, म्हणजे आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होतं, नाहीतर पिलं दचकून मरतात. मग भोकं पाडलेल्या छोट्या वाटीने मोजणी. एक वाटी भरायची, पाणी निथळू द्यायचं, ती पांढऱ्या थाळीत ओतायची आणि ओल्या बोटाने एकेक पिलू बाजूला सारत मोजायचं. काळ्या ठिपक्यासारखे दोन डोळे आणि मागे पारदर्शक दोरा, एवढंच ते पिलू असतं. त्या एका वाटीत जेवढी भरली, तेवढी प्रत्येक वाटीत धरायची आणि वाट्या गुणायच्या. काकाजी दर खेपेला व्यापाऱ्याला थांबवून मधलीच कुठली तरी वाटी मोजायला लावायचे. पिलं मोठी असली की वाटीत कमी मावतात, बारीक असली की जास्त. पहिल्या वाटीच्या भरवशावर सगळा हिशेब उभा करायचा नाही, हा त्यांचा हट्ट होता. व्यापारी कुरकुरायचा, पण मोजायचा.

पुढचे कित्येक दिवस मी रात्री जेवणं आटोपल्यावर वाचत बसायचो. दुसरीकडे कुठे कोणी हा प्रश्न सोडवला आहे का, पक्ष्यांच्या बेटाभोवती मासा किती आहे हे कोणी मोजलं आहे का, एवढंच शोधत होतो. आमच्यापासून मुंबईचा समुद्र जवळजवळ हजार किलोमीटर. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात कितीतरी लोकांनी तो पाहिलेलाही नाही. पण उत्तर समुद्रातच सापडायला लागलं. केप टाऊनसमोरचं रॉबेन बेट आपल्याला मंडेलांच्या तुरुंगामुळे माहीत आहे. त्याच बेटावर आफ्रिकन पेंग्विन घरटी करतात. थोडं उत्तरेला डासेन बेट आहे, पूर्वेला अल्गोआ उपसागरात सेंट क्रॉय आणि बर्ड ही बेटं आहेत. हे पेंग्विन जगतात सार्डिन आणि अँकोव्ही या बोटभर लांबीच्या, थव्याने फिरणाऱ्या माशांवर, आणि नेमके तेच मासे मोठ्या घेरजाळ्यांनी पकडून डबे भरले जातात, त्यांची भुकटी आणि तेल केलं जातं. मच्छीमार आणि पक्षी एकाच ताटात हात घालतात. आमच्या समाजमंदिरातलं भांडण तिथे देशाच्या पातळीवर चाललेलं होतं.

त्यांच्याकडे एक गोष्ट आमच्यापेक्षा जास्त होती. ते पाण्यात कान लावून ऐकत होते.

बोटीच्या तळाशी एक चकती असते. ती खाली पाण्यात आवाजाचा छोटा ठोका सोडते, माणसाला ऐकू न येणाऱ्या कंप्रतेचा, बहुधा ३८ किंवा १२० किलोहर्ट्झचा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. तो तळावर आपटून परत येतो आणि वाटेत मासा लागला तर त्याच्यावरूनही परततो. माशाच्या मांसाची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे त्याच्यावरून फारसं काही परतत नाही. परततं ते मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. ज्या पिशवीच्या जोरावर मासा पाण्यात तरंगता राहतो, तीच त्याचा ठावठिकाणा सांगते. ज्यांना ही पिशवीच नाही, उदाहरणार्थ बांगड्याच्या कुळातला अटलांटिक मॅकरेल, ते या यंत्राला फार फिके दिसतात. नॉर्वेच्या ऑस्कर सुंडने १९३५ मध्ये लोफोटेनच्या समुद्रातल्या कॉड माशांचा थर असा कागदावर उमटलेला जगाला दाखवला. पुढे दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्यांना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे खोल पाण्यात एक खोटा तळ सापडू लागला. तो रात्री वर यायचा आणि दिवस उजाडला की खाली जायचा. तो तळ जिवंत होता, मासे आणि इतर जीवांचा थर होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. पाण्याचा तळ म्हणून ज्याच्यावर विश्वास ठेवला, तो संध्याकाळी उठून वर चालायला लागतो!

पण आवाज परत आला म्हणजे मासे मोजले गेले, असं होत नाही. परतलेला सगळा आवाज एकत्र करायचा, मग त्या जातीच्या, त्या लांबीच्या एका माशावरून किती आवाज परततो हे ठरवायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. म्हणजे ती काकाजींची वाटीच. एक नीट मोजायची आणि बाकीचा हिशेब तिच्यावर उभा करायचा. म्हणून तर ही माणसं आवाजाबरोबर जाळंही टाकतात. कुठली जात आहे, लांबी किती आहे हे हातात घेऊन पाहिल्याशिवाय भागाकार होत नाही. यंत्रसुद्धा आधी तपासून घेतात. ३८.१ मिलिमीटर व्यासाचा टंगस्टन कार्बाइडचा गोळा बारीक दोऱ्याने चकतीखाली टांगतात. त्या गोळ्यावरून किती आवाज परतायला हवा हे गणिताने पक्कं ठाऊक असतं, म्हणून यंत्र खरं बोलतंय की नाही ते कळतं. इतकं करूनही एक जागा राहते. प्रतिध्वनी डेसिबलमध्ये मोजतात, आणि एका माशाचा आकडा तीन डेसिबलने इकडचा तिकडे झाला की मासे दुप्पट तरी ठरतात नाहीतर निम्मे. हे वाचताना मला समाजमंदिरातला सचिव आठवला. अर्धं बीज गेलं असं तो ज्या खात्रीने म्हणत होता, तेवढा फरक तर मोजणाऱ्याच्या एका गृहीतकात असू शकतो.

बेटाजवळ मोजणं आणखी अवघड. दक्षिण आफ्रिकेत १९८४ पासून सगळ्या किनाऱ्यावर दरवर्षी मोठ्या जहाजातून अशी पाहणी होते आणि त्यावरून मासेमारीचा कोटा ठरतो. तो आकडा सगळ्या समुद्राचा असतो. पण घरट्यात पिल्लू असलेल्या पेंग्विनला सगळा समुद्र मिळत नाही. त्याला उडता येत नाही. पोहून जायचं, पोट भरायचं आणि पिल्लू उपाशी मरायच्या आत परत यायचं. त्याच्यासाठी समुद्र म्हणजे बेटाभोवतीचे काही किलोमीटर आणि तेही त्या काही आठवड्यांपुरते. एकूण मासा भरपूर असेल आणि तरी त्या वर्तुळात काहीच नसेल. म्हणून छोट्या बोटी घेऊन बेटाभोवती समांतर रेषा आखून वेगळं मोजावं लागतं. आणि तिथे खडक असतात, लाटा फुटतात, फुटलेल्या लाटांच्या बुडबुड्यांवरूनही आवाज परततो, चकतीच्या वरचं एकदोन हात पाणी यंत्राला दिसतच नाही, तळाला चिकटलेला मासा तळाच्याच आवाजात हरवतो. बोट आली की थवा बाजूला सरकतो. आज मोजलं, उद्या वारा फिरला, थवा गेला. मोजणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असतं, आणि तरीही ते पुन्हा त्याच रेषांवर बोट घालतात. त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पक्षी खरंच आपल्या बेटाभोवतीचा मासा संपवतात का, हा प्रश्नही जुना आहे. फिलिप अॅशमोल या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने अटलांटिकच्या मधोमध असेन्शन बेटावर काम केलं आणि १९६३ मध्ये मांडलं की मोठ्या वसाहतीभोवतालचं खाद्य पक्ष्यांच्याच खाण्याने विरळ होत असावं, आणि वसाहत किती वाढेल याला तिथेच लगाम बसत असावा. १९८७ मध्ये कॅनडात याला पहिला ठोस पुरावा मिळाला, आणि तो मिळाला पाणकावळ्यांकडूनच. प्रिन्स एडवर्ड बेटाजवळ, वसाहतीतले पाणकावळे जिथवर जातात तिथे मासे कमी भरले आणि जिथे ते जात नाहीत तिथे जास्त. खुद्द असेन्शनभोवती पक्ष्यांनी केलेली उडत्या माशांची तूट शंभराहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात मोजून दाखवायला २०२१ उजाडलं. म्हणजे सचिवाच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. पाणकावळे टेकाडाभोवतीचा मासा कमी करत असतील. हे मला मान्य करायला जड गेलं, कारण माझा जीव त्या बाभळींत आहे. पण टेकाडाभोवतीचं पाणी म्हणजे अख्खा तलाव नाही, आणि काकाजींचा प्रश्न नेमका तिथे बोट ठेवत होता.

मग मी आमच्या तलावाकडे बघायला लागलो. असं यंत्र आणलं तरी इथे त्याचा फार उपयोग होणार नाही, हे माझं मत झालं आहे. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजारांच्या काळातला, कोहळी समाजाने बांधलेला. बहुतेक ठिकाणी पुरुषभर पाणीही नाही. तळाशी गाळ, गाळात कुजणारी पानं, त्यातून सतत वायूचे बुडबुडे वर येतात आणि प्रतिध्वनीत तो बुडबुडा माशासारखाच दिसतो. उथळ तळ्यांत आवाज खाली न सोडता आडवा सोडतात, पण इथे आडवा सोडला तर शिंगाड्याच्या वेलींत आणि बेशरमीच्या झुडपांच्या फांद्यांत तो अडकेल. काकाजींना मात्र बुडबुडे वाचता येतात. पहाटे त्यांच्या डोंग्यात बसून गेलो होतो तेव्हा त्यांनी दाखवलं. गाळाचा बुडबुडा एकाच जागी येत राहतो, मोठा असतो, फुटला की वास येतो. मृगळ तळ उकरत चालला की बारीक बुडबुड्यांची रांग उठते आणि ती रांग सरकते. मग त्यांनी जाळं लावलं, डोंगा लांबून वळवला आणि वल्ह्याच्या बांबूने काठावर ठोके द्यायला सुरुवात केली. ठक, ठक, ठक. मासा आवाजाला भिऊन जाळ्याकडे जातो. पाण्याखाली तो ठोका किती लांब जात असेल, कुठकुठे परतत असेल, याचा विचार मी पहिल्यांदाच केला. जाळ्यात दोन रोहू आणि एक बऱ्यापैकी मरळ निघाली. काकाजी मरळीकडे बघून म्हणाले, "हा खरा बिजाचा गिऱ्हाईक."

त्याच पहाटे टेकाडाला डोंगा लावला. बाभळीखाली चिखल पांढरा झाला होता, खारट, कुबट वास नाकात बसत होता, वरून पिल्लांची किरकिर अखंड चालू होती. आईबाप येतात, पिल्लू त्यांच्या घशात अख्खं डोकं घालतं आणि त्या ओढाताणीत काही ना काही खाली पडतं. मी खाली पडलेलं काडीने वेचून बघितलं. बोटभरही नसलेले गावरान मासे, झिंगे, एक बेडकाचं पिल्लू. त्यात रुंद डोक्याचं, संस्था सोडते त्या कटल्याचं म्हणता येईल असं एखादंच. एका पहाटेच्या ओंजळभर उष्ट्यावरून निकाल देता येत नाही, ती पहिली वाटी झाली. पण तिच्याकडे बघताना मनात आलं की हे गावरान मासे आम्ही वहीत कधी धरलेच नाहीत. बाजारात किंमत नाही म्हणून ते आमच्यासाठी नव्हतेच. पक्षी त्यांच्यावर जगतात. पूर्वी ढिवरांची, म्हणजे आम्हा मच्छीमारांची, घरंही त्यांच्यावरच जगत होती.

तलाव बदलला तो पक्ष्यांमुळे नाही, याची मला खात्री आहे. धानाच्या बांध्यांतून खत वाहून येतं, पाण्यावर हिरवी साय धरते. बेशरम काठाकाठाने आत सरकली. गवत खाणारा परदेशी मासा सोडला तेव्हा पाण्यातल्या वनस्पती गेल्या आणि त्यांच्या आडोशाने अंडी घालणारे गावरान मासेही गेले. देवधान, म्हणजे पाण्यात उगवणारा रानभात, माझ्या लहानपणी पूर्वेच्या काठाला दाट होतं, आता शोधावं लागतं. गाळ साचून पाणी फेब्रुवारीतच उतरतं. यातल्या एकाही गोष्टीला चोच नाही, म्हणून बैठकीत यातल्या एकीचंही नाव निघालं नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या भांडणाचं पुढे काय झालं, तेही सांगतो. २००८ पासून त्यांनी प्रयोग केला. दोन-दोन बेटांची जोडी धरली, एका बेटाभोवती २० किलोमीटरपर्यंत मासेमारी काही वर्षं बंद ठेवायची, दुसऱ्याभोवती चालू, मग उलट. पिल्लं कशी वाढतात ते बघायचं. आकडे आले आणि आकड्यांवरून भांडण आणखी वाढलं. कोणी म्हणे फरक पडला, कोणी म्हणे इतका थोडा की त्यासाठी बोटी बंद ठेवणं परवडत नाही. दशकभर हे चाललं. दरम्यान पेंग्विनच्या जोड्या दहा हजारांच्या खाली आल्या आणि २०२४ मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त ठरली. शेवटी पक्षिप्रेमी संस्था कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात मच्छीमार उद्योगाशी तडजोड झाली. सहा मोठ्या वसाहतींभोवतीच्या ठरावीक पाण्यात सार्डिन आणि अँकोव्हीची मासेमारी बंद. मोजणी अपुरी होती म्हणून ते थांबले असते तर भांडायला पेंग्विन उरले नसते, आणि मोजणीच केली नसती तर वर्तुळ कुठे आखायचं हे कळलं नसतं. मला या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या वाटतात.

आणखी एक आकडा माझ्या डोक्यात घर करून आहे. २०११ मध्ये जगभरातल्या सात सागरी परिसंस्था आणि समुद्रपक्ष्यांच्या १४ जाती एकत्र अभ्यासून काही शास्त्रज्ञांनी दाखवलं की खाद्य-मासा त्याच्या कमाल साठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेला की पक्ष्यांची पैदास घसरायला लागते. एक तृतीयांश पक्ष्यांसाठी ठेवा, असं त्याचं सार. हे तलावाला जसंच्या तसं लागू होत नाही, पण त्यातला क्रम मला पटतो. आधी कमाल किती होती ते विचारायचं, आणि मग वाटा.

मी काकाजींशी आणि बचत गटातल्या बायांशी बोललो आहे. बीज सोडताना मधली वाटी मोजायची आणि ती वहीत लिहायची. पोळ्याच्या आगेमागे, पिल्लं सगळ्यात जास्त भुकेली असताना, बारीक विणीचं एक जाळं टेकाडाजवळ आणि तसंच दुसरं सांडव्याच्या टोकाला, एकाच पहाटे, सारख्याच वेळासाठी लावायचं. निघालेला प्रत्येक मासा, गावरानसुद्धा, मोजून परत सोडायचा. पुन्हा दिवाळीनंतर, घरटी रिकामी झाल्यावर, त्याच दोन जागी तेच करायचं. टेकाडाजवळ तूट दिसली तर पक्ष्यांचा वाटा कळेल. दोन्हीकडे सारखीच तूट दिसली तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. सचिवाने हे ऐकून घेतलं. त्याने बाभळींना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो म्हणाला, जाळ्याचं सूत संस्था देईल.

आकडा पक्ष्यांच्या विरोधात गेला तर? हे त्याने विचारलं आणि ते विचारणं बरोबर होतं. तरीही मी बाभळी तोडू नका असंच म्हणेन. पाणकावळे त्या टेकाडावर राहावेत असं मला वाटतं, आणि ढिवरांच्या घरी मासाही यावा असं वाटतं. दोन्ही हवं असेल तर आधी तलावातला मासा वाढवावा लागेल, काठ मोकळा करून पाण्यातल्या जुन्या वनस्पती पुन्हा लावाव्या लागतील. बायांनी त्यांच्या बाजूचा काठ घ्यायचं कबूल केलं आहे. पश्चिमेचा काठ अजून कोणी घेतलेला नाही. तिथली बेशरम सगळ्यात जुनी आहे, आणि ती मुळासकट निघते ती फक्त उन्हाळ्यात, पाणी मागे सरल्यावर.